स्टेअरिंगमागून : ब्रेक आधी डोळ्यांनी लावायचा



गेल्या अंकात टायर आणि हवेविषयी लिहिलं होतं. त्यावर आपल्या मंडळातल्या पोरापोरींचे बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकच : "आबा, पोलिसांच्या ड्रायव्हरला वेगळं काय शिकवतात? एवढ्या वेगात गाडी आवरते कशी?" एकाने तर सिनेमात दाखवतात तशी हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवायची युक्ती विचारली. त्याला इथेच उत्तर देतो. महाराष्ट्र पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात मी २७ वर्षं चालक होतो. बंदोबस्त, ताफे, रात्रीची गस्त, घाटातले अपघात, सगळं पाहिलं. त्या २७ वर्षांत हँडब्रेक ओढून गाडी फिरवायची वेळ एकदाही आली नाही. कोणी तशी फिरवली असती तर साहेबांनी त्याच्या हातून किल्ली काढून घेतली असती.

तरी प्रश्न चांगला आहे. निवृत्तीनंतर मुलाकडे सचिनला राहायला आलो, तेव्हापासून रोज बघतोय. जीआयडीसीची शिफ्ट सुटली की रस्त्यावर दुचाक्यांचा लोंढा, मधेच हजिऱ्याकडे जाणारे ट्रेलर, रसायनांचे टँकर, आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारी आपलीच मुलं. त्यातल्या बऱ्याच जणांची आता पहिली गाडी आली आहे. म्हणून या वेळी ब्रेक आणि गाडीवरचा ताबा एवढाच विषय घेतो. पोलीस चालकाला जे शिकवतात त्यातलं नव्वद टक्के तुमच्याही कामाचं आहे.

दिवा लागला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही

लोकांना वाटतं, वर दिवा आणि सायरन असला की चालकाला सगळं माफ. तसं नसतं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने वाहन चालवण्याचे नवे नियम केले. त्यांत तातडीच्या कामावरच्या गाड्यांना सवलत आहे, पण इतरांच्या जिवाची काळजी घेऊनच ती वापरायची. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब अशा गाड्यांना वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही होऊ शकते. म्हणजे तुम्ही बाजूला व्हायचं आहेच. पण गाडीच्या आत बसलेल्या चालकाने असं धरून चालायचं की कोणीही बाजूला होणार नाही. काच वर करून गाणी ऐकणाऱ्याला सायरन ऐकू येत नाही. ज्याला येतो तो दचकतो आणि भलतीकडेच वळतो. सिग्नल लाल असेल तर सायरन चालू ठेवूनही वेग एवढा उतरवायचा की वाटल्यास तिथेच थांबता यावं. आडव्या रस्त्यावरच्या प्रत्येक रांगेतल्या चालकाने आपल्याला पाहिलं आहे, अशी खात्री झाल्यावरच पुढे जायचं.

कारण साधं आहे. घटनास्थळी दोन मिनिटं उशिरा पोचलेली गाडी उपयोगाची असते. वाटेत ठोकलेली गाडी पोचतच नाही, आणि तिच्यासाठी दुसरी गाडी पाठवावी लागते.

शिकवायला आला एक रेसचा खेळाडू

पोलिसांनी गाडी कशी चालवावी याचं शास्त्र कुठे बसलं, याची गोष्ट मजेची आहे. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांकडे मोटारी वाढल्या आणि त्यांचे अपघातही वाढले. तेव्हा हेंडन इथे चालकांसाठी शाळा निघाली. तिथल्या प्रशिक्षणासाठी लॉर्ड कॉटनहॅम नावाच्या गृहस्थांची मदत घेतली. हे स्वतः मोटारींच्या शर्यतीत उतरलेले. आता शर्यतीचा माणूस पोलिसांना काय शिकवील? वेग? तर नाही. त्या शाळेने चालकांच्या हातात एक क्रम दिला. तोच पुढे १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' या पुस्तकात छापला गेला आणि जगभरच्या पोलीस चालकांपर्यंत गेला.

क्रम असा : आधी माहिती, मग जागा, मग वेग, मग गिअर, आणि शेवटी ॲक्सिलरेटर. समोर वळण, चौक, उभी गाडी, काहीही असो, याच क्रमाने विचार करायचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. तुम्ही सचिनहून पलसाण्याकडे चालला आहात. पुढे डाव्या कडेला ट्रेलर उभा दिसतो. माहिती काय? ट्रेलरमागून माणूस येऊ शकतो, त्याच्या केबिनचं दार उघडू शकतं, मागून कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असेल. म्हणून आरसा बघा. जागा? इंडिकेटर देऊन थोडं उजवीकडे सरका, म्हणजे ट्रेलरपुढचं लवकर दिसतं. वेग? आताच उतरवा, ट्रेलरजवळ पोचल्यावर नाही. गिअर? उतरलेल्या वेगाला जो योग्य तो. आणि रस्ता मोकळा आहे असं दिसल्यावर ॲक्सिलरेटर. वाचायला वेळ लागतो, पण सवय झाली की हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं.

आपले बरेच लोक नेमका उलटा क्रम धरतात. ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो, जवळ गेल्यावर ब्रेक, मग गडबडीत गिअर, आणि माहिती सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा दुसऱ्याच्या तोंडून.

साठ आणि ऐंशी यांतला फरक

आता थोडं गणित. शाळेत नकोसं वाटलं असेल, पण हे जिवाचं आहे.

गाडी थांबण्याचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पळतच असते. ताशी ६० किलोमीटरला ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर, १०० ला २८ मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा चांगला डांबरी रस्ता आणि चांगले टायर धरले तर ६० च्या वेगाला आणखी सुमारे २० मीटर लागतात, ८० ला ३६, आणि १०० ला ५६. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे नववीच्या पुस्तकातलंच सूत्र आहे. रस्ता ओला असला तर हे ब्रेकचं अंतर पावणेदोन-दोन पट धरा.

म्हणजे ६० वर असलेली गाडी एकूण ३७ मीटरमध्ये थांबली. तिच्या शेजारून ८० ने जाणाऱ्या गाडीने त्याच क्षणी तोच धोका पाहिला आणि तसाच ब्रेक मारला. पहिली गाडी जिथे थांबली त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? मुलांना विचारलं की ते वीस सांगतात. उत्तर आहे ताशी सुमारे ६०. तिचे २२ मीटर विचारातच गेले, आणि उरलेल्या १५ मीटरमध्ये ब्रेकला जेमतेम २० चा वेग उतरवता आला. एकीच्या समोरचं पोर वाचलं. दुसरीने त्याला साठच्या वेगाने धडक दिली. वीस किलोमीटरच्या घाईची ही किंमत.

हा पहिला सेकंद कमी करायची युक्ती पोलीस चालकाला लवकर शिकवतात. शंका आली की पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. शाळा दिसली, उभी बस दिसली, चेंडू रस्त्यावर आला, पुढच्या रिक्षाचा चालक मान वळवून प्रवासी शोधतोय असं दिसलं, की पाय ब्रेकवर तयार. अर्धा सेकंद वाचला तर ६० च्या वेगाला आठ मीटर वाचतात. आठ मीटर म्हणजे दोन मोटारींची लांबी.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, तर दोन सेकंदांचं. घड्याळ बघायची गरज नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात सावकाश "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं. ते पूर्ण व्हायच्या आत आपण खांबापाशी पोचलो तर अंतर कमी आहे. पावसात पुढचं "मंगलमूर्ती मोरया"सुद्धा म्हणायचं. तुम्ही अंतर ठेवलं की मधे कोणीतरी गाडी घुसवणार, हेही मला माहीत आहे. घुसू द्या, पुन्हा थोडं मागे राहा. सचिन ते धुळे असे वीस जण घुसले तरी तुम्ही घरी एका मिनिटाने उशिरा पोचाल.

टायरची पकड : एकच रुपया

टायर रस्त्याला टेकतो तो भाग साधारण तळहाताएवढा असतो. चार तळहातांवर सगळी गाडी. त्या तळहाताकडे पकडीचा एक रुपया आहे असं समजा. तो ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग वाढवण्यावर करा. वळणात असताना बारा आणे वळण्यावरच खर्च झालेले असतात. तेवढ्यात जोरात ब्रेक मारला की मागणी रुपयाच्या वर जाते आणि गाडी घसरते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळणात शिरताना ब्रेकवरचं वजन संपत आलेलं असावं, आणि बाहेर पडताना हलका ॲक्सिलरेटर.

वळणाला वेग किती हवा, हे कसं कळणार? वळणात पुढे जिथे रस्त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू बघत राहा. तो तुमच्याकडे धावत येतोय असं वाटलं तर वेग जास्त आहे. तो तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग ठीक आहे. तो पळून दूर जायला लागला की वळण उलगडतंय. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हा सगळ्यांत वरचा नियम.

ब्रेक दाबायचीही रीत आहे. सुरुवातीला हलका, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. मग वाढवत न्यायचा. शेवटी गाडी थांबताना थोडा सोडायचा, म्हणजे मागे बसलेल्यांची मान हिसकत नाही. साहेब मागे कागद वाचत बसलेले असायचे. कागदावरची पेनाची रेघ हलली नाही तर चालक चांगला, अशी आमच्याकडे परीक्षा होती.

संकटात मात्र वेगळं. तुमच्या गाडीत एबीएस असणारच. हे तंत्र १९७८ मध्ये बॉश कंपनीने मर्सिडीजच्या मोटारीत आणलं. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाक्यांना ते सक्तीचं झालं. एबीएस असेल तर दणकून ब्रेक दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. नवखा माणूस घाबरून पाय काढतो, तिथेच घोटाळा होतो. ती थरथर म्हणजे यंत्र आपलं काम करतंय. चाक लॉक होत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग ऐकतं आणि अडथळ्याच्या बाजूने गाडी काढता येते. पण एबीएस म्हणजे जादू नाही. वाळू, खडी, चिखल असला की त्यालाही अंतर लागतंच. आमच्या जुन्या जीपला हे काही नव्हतं. तिथे पायानेच दाब-सोड-दाब करावं लागायचं. तुमच्या गावी काकांची जुनी गाडी असेल तर तिला ही जुनी रीत लागते, हे ध्यानात असू द्या.

दुचाकीवाल्यांनो, नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवू नका. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा आवळत न्यायचा, झटका द्यायचा नाही. वळणात आणि वाळूवर पुढचा ब्रेक जपून. आणि हेल्मेट डोक्यावर, कोपरात अडकवलेलं नको.

पहिला पाऊस आणि घसरगुंडी

आपल्या भागात सगळ्यांत फसवा रस्ता पहिल्या पावसाचा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, टपकलेलं डिझेल, ऑइल, टायरचा चुरा यांचा पहिल्या सरीत साबण होतो. जोराचा पाऊस होऊन तो धुऊन निघेपर्यंत गाड्या घसरतात. जिथे मोठ्या गाड्या थांबतात, म्हणजे सिग्नल, कारखान्यांची फाटकं, पेट्रोल पंपांची तोंडं, तिथे तेल जास्त असतं.

रस्त्यावर पाणी साचलेलं असताना वेगात गेलं तर टायर पाण्यावर तरंगतो. स्टेअरिंग अचानक हलकं लागतं, ही त्याची खूण. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टेअरिंग फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी सरळ धरा. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता धरतो. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलायचा, हे गेल्या अंकात सांगितलंच आहे.

मागची बाजू घसरली तर? नजर जिथे जायचंय त्या रस्त्यावर ठेवा, हात आपोआप तिकडे वळतात. घसरताना माणूस ज्या झाडाकडे बघतो त्याच झाडावर जाऊन आदळतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग मागची बाजू जिकडे जातेय तिकडे हळूच द्या, आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ करा. टायर फुटला तरी हेच : स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ब्रेकवर उडी नाही, गाडी आपोआप हळू होऊ द्या, मग कडेला. कुत्रं किंवा गुरं आडवी आली तर सरळ रेषेत ब्रेक. कुत्र्याला वाचवायला झटक्यात वळवलेली गाडी समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेल्याचे पंचनामे मी पाहिलेत.

कोंडाईबारी आणि सापुतारा

आता आपल्या घरच्या रस्त्याकडे येऊ. आपल्यातले निम्मेअधिक लोक खानदेशातले. सणाला, लग्नाला, दशक्रियेला बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीचा घाट चढायचा, मग दहिवेल, साक्री, धुळे. नाशिककडचे असतील तर वघईवरून सापुतारा.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जळगावहून सुरतेकडे येणारी खासगी बस रात्री याच कोंडाईबारी घाटात पुलावरून खाली कोसळली. पाच जणांचा जीव गेला, तीसहून जास्त जखमी झाले. बसमधले बरेचसे आपल्यासारखेच होते. गावाहून कामाच्या ठिकाणी परत निघालेले.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हे वाक्य प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो, त्यामागचं कारण समजून घ्या. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षणाने उष्णता. सतत पाय ठेवून उतरलं की लायनर आणि डिस्क तापतात, एका मर्यादेपुढे त्यांची पकड कमी होते. करपल्याचा वास येतो, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. ब्रेकचं ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं. ते उकळून वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरतं, ब्रेकला मधे मधे थंड व्हायला वेळ मिळतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याने हा आधार स्वतःहून काढून टाकलेला असतो. शिवाय आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनला इंधन जातच नाही. म्हणजे बचतही होत नाही.

घाटात ब्रेक गेलाच तर : पेडल भरभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक थोडा थोडा ओढा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू, आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला गाडी घासत थांबवा. पत्रा पुन्हा ठोकून सरळ करता येतो.

गाडीत बसलेल्यांसाठी

गाडी थांबली तरी आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे जातो. ताशी ६० च्या वेगाने समोर आदळणं म्हणजे जवळजवळ १४ मीटरवरून, चौथ्या मजल्याच्याही वरून पडणं. २०२२ च्या ४ सप्टेंबरला टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आपल्याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. गाडी महागडी, सुरक्षेत नाव असलेली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघेही वाचले नाहीत. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण जगले. मागच्या सीटचा पट्टा आपल्याकडे सक्तीचा आहे. आजीला तो जाचतो, काकूची साडी चुरगळते, हे मान्य. तरी सगळ्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच करायची नाही. मांडीवरचं बाळ तर ब्रेक लागला की कोणाच्याही हातात राहत नाही.

निघण्याआधी एक मिनिट द्या. पायाखालची पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली अडकते, ती तिथे ठेवू नका. पायपुसणं पुढे सरकत नाही ना बघा. सीट अशी घ्या की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. गाडी हलली की पहिल्या दहा-वीस मीटरमध्ये एकदा ब्रेक दाबून बघा. आम्ही ड्युटीवर निघताना पाणी, तेल, हवा आणि ब्रेक तपासल्याशिवाय लॉगबुकात सही करत नव्हतो.

आता वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नका. आपल्याकडे पोरगा दुसऱ्या शिफ्टमधून रात्री अकराला सुटतो. घरात बॅगा भरून ठेवलेल्या असतात. "चल, रात्रीच निघू, रस्ता मोकळा असतो, पहाटे गावात." त्याने नाही म्हटलं की "एवढाही जोर नाही का अंगात?" असं ऐकावं लागतं. ८० च्या वेगात तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी ६६ मीटर आंधळी जाते. त्यात ना एबीएस उपयोगी, ना वर सांगितलेलं काही. कारण ब्रेक लावायला आधी कोणीतरी जागं असावं लागतं. पोलीस खात्यात रात्रपाळी केलेल्या चालकाला लांबच्या ड्युटीवर पाठवायचं तर बदली चालक बघितला जातो. निदान बघितला जावा, अशी रीत आहे. आपल्या पोराला आपण तेवढीही सवलत देत नाही. सहा तास झोपू द्या, पहाटे निघा. हळदीला दोन तास उशीर झाला तर कोणी लक्षात ठेवत नाही. पोरांनो, तुम्हीही स्पष्ट सांगायला शिका : "मला झोप येतेय, मी गाडी चालवणार नाही." मोठ्यांपुढे हे बोलायला वेगात गाडी हाकण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

या महिन्याचा गृहपाठ

एखाद्या रविवारी सकाळी मोकळं मैदान किंवा वापरात नसलेली खासगी जागा गाठा, परवानगी घेऊन. बरोबर अनुभवी माणूस असू द्या. आधी ३० च्या, मग ४० च्या वेगाला एका खुणेपाशी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबा आणि गाडी किती पुढे जाऊन थांबते ते पावलांनी मोजा. एबीएसची थरथर पायाला एकदा ओळखीची होऊ द्या, म्हणजे खऱ्या वेळी पाय निघणार नाही. मुलींनी तर हे नक्की करा. घरात गाडी असूनही "रस्त्यावर गर्दी आहे, नको" म्हणून तुमच्या हाती किल्ली कमी येते, आणि सराव न मिळाल्यामुळे भीती वाढते. दोन्ही मैदानावरच मोडता येतील.

आणि ज्या मुलांना खात्यात यायचंय त्यांना सांगतो. महाराष्ट्रात चालक पोलीस शिपाई हे पद वेगळं भरतात, त्यात प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. तिथे परीक्षक तुमचा वेग बघत नाहीत. आरसा किती वेळा बघितलात, क्लच-ब्रेक कसा वापरलात, गाडी हिसकली का, हे बघतात. सवय आजपासून लावा.

पुढच्या अंकात रात्रीचा प्रवास घेऊ : समोरून येणारे झगझगीत दिवे, दिव्यांशिवाय उभे ट्रेलर आणि डिपर कधी द्यायचा. तुमचे प्रश्न मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. मैदानावर मोजलेली पावलंही जरूर कळवा, कोणाची गाडी किती पावलांत थांबली ते पुढच्या वेळी छापू.

सावकाश चला.